कारखानीसकाकांची दोनशे कार्डं

इकडे परदेशात, टार्निटमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या एका पॉटलकमध्ये अध्यक्षांनी माइकवरून ओळख करून दिली, "हे मनोहर कारखानीस, आर्किटेक्ट." काका मसालेभाताची प्लेट हातात धरून उभे होते. त्यांनी प्लेट टेबलावर ठेवली, ट्रॅफिक हवालदारासारखा पंजा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही. मी आर्किटेक्ट नाही. इथे रजिस्ट्रेशन नसताना स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणं हा गुन्हा आहे. उद्या मंडळसुद्धा गोत्यात येईल." मंडळाचं काहीही बिघडणार नव्हतं, पण अध्यक्ष बिचारे सरकारी नोकरीतले. ते घाबरले आणि त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती जाहीर केली, "हे आर्किटेक्ट नाहीत." लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

मी त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतच होते आणि मला हसू आवरत नव्हतं. काकांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ठाण्यात सत्तावीस वर्षं त्यांनी इमारती बांधल्या होत्या. सुलभाकाकू नर्स. काकूंना इकडे नोकरी मिळाली, व्हिसा काकूंचा आणि काका त्या व्हिसावर 'डिपेंडंट'. शहरातल्या एका ऑफिसात ते ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढायचे आणि सही दुसराच करायचा. तिथे त्यांना सगळे 'मॅनी' म्हणत. काका म्हणायचे, "मनोहरचा मॅनी झाला, माझी हरकत नाही. आर्किटेक्टचा ड्राफ्टी झाला, त्याला आहे." त्यांना इथली लायसन्सची परीक्षा द्यायची होती. वय चौपन्न.

मी त्यांच्या घरात पुढची खोली भाड्याने घेऊन राहत होते. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये मी काम करायचे, आणि त्या पॉटलकनंतर थोड्याच दिवसांत माझं ठरलेलं लग्न मोडलं. हे असं एका वाक्यात सांगता येतं याचं श्रेय काकांना आहे. तेव्हा मला ते एका वाक्यातच काय, अजिबात सांगता यायचं नाही. मुलगा, कौस्तुभ, सिडनीला, पेंडल हिलमध्ये राहणारा. लग्न इथल्याच कम्युनिटी हॉलमध्ये व्हायचं होतं. आईने पुण्याहून येताना दोनशे पत्रिका छापून आणल्या, इंग्रजीत, वर सोनेरी गणपती. "तिकडे कसली मिळणार धड पत्रिका!" असं म्हणून तिने स्वतःच्या साड्या कमी केल्या आणि बॅगेत पत्रिका भरल्या. वाटायला सुरुवात करणार त्याच आठवड्यात कौस्तुभचा फोन आला की त्याला अजून वेळ हवाय. किती, ते त्याने सांगितलं नाही. आई परत गेली. दोनशे पत्रिका माझ्या पलंगाखाली राहिल्या.

आता त्यांचं करायचं काय? पिवळ्या झाकणाच्या रिसायकलिंगच्या बिनपर्यंत मी दोनदा जाऊन आले. पण वर गणपती. गणपतीला दुधाच्या रिकाम्या डब्यांवर कसं टाकायचं? क्रीकमध्ये सोडाव्यात तर कौन्सिल मागे लागेल. लग्न मोडल्याचं दुःख एकीकडे, आणि दोनशे गणपतींची जबाबदारी दुसरीकडे.

काका त्या काळात अभ्यासाची कार्डं बनवत होते. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. ऑफिसातल्या एका मुलीने ही युक्ती त्यांना सांगितली होती. लेटरबॉक्समध्ये येणाऱ्या पिझ्झाच्या जाहिराती कापून ते त्यावर लिहीत, पण तो कागद गुंडाळला जायचा. एके दिवशी मी खोली झाडायला पलंग सरकवला, तेव्हा त्यांना दारातून गठ्ठा दिसला. त्यांनी एक पत्रिका उचलली, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली, वाकवून सोडली.

"काय कागद आहे!" ते म्हणाले. "जाड. मॅट. कडा बघ कशी कापलीय."

"काका, ती माझ्या लग्नाची पत्रिका आहे."

"हो ना," काका म्हणाले. "पण मागची बाजू कोरी आहे."

आत काकूंच्या हातून काहीतरी पडलं. मला राग यायला हवा होता, मी तशी तयारीही केली, पण राग येईना. काका मात्र ओशाळले. पत्रिका जागच्या जागी ठेवून म्हणाले, "तू आधी विचार कर. दोन दिवस घे. नको असेल तर विषय संपला." मी दोन तास घेतले आणि अख्खा गठ्ठा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. गणपती बिनमध्ये जाण्यापेक्षा अभ्यासाला लागला तर काय वाईट?

कोऱ्या बाजूवर काका प्रश्न लिहीत. अक्षर नकाशावरचं, एकेक मापाने काढलेलं. उत्तराला मात्र कोरी बाजू उरत नसे. मग ते छापील बाजूवरच, जिथे जागा सापडेल तिथे, उत्तर बसवत. गणपतीच्या दोन्ही बाजूंना, आई-बाबांच्या नावांच्या मध्ये, मुहूर्ताच्या खाली. खाली शेवटची ओळ छापलेली होती, की आपण सहकुटुंब, सहपरिवार येऊन आमचा आनंद वाढवावा. तिच्या वर जेमतेम बोटभर जागा होती, तिथे बहुतेक उत्तरांचा शेवट यायचा. आठ दिवसांत घरभर कार्डं झाली. कुकरच्या शिट्टीच्या डब्यात जिन्यांची मापं, देवघरात आगीचे नियम. काकू दिवा लावायला गेल्या की आधी 'फायर एक्झिट' बाजूला करायच्या.

सकाळी स्टेशनपर्यंत काका मला गाडीतून सोडायचे. लिफ्टचं भाडं दहा कार्डं. मी शेजारी बसून प्रश्न वाचायचा, काकांनी गाडी चालवत उत्तर द्यायचं, मग मी कार्ड उलटून तपासायचं. मला आपली ट्रेन गाठायची घाई, त्यामुळे माझा हात आधीच वळायचा. की लगेच काका ओरडायचे, "उलटू नकोस! आधी माणसाला विचार करू दे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही लॅबमध्ये कवळीचा साचा उलटताना हात थबकतो.

पहिले काही दिवस मला ती उलटी बाजू बघवत नसे. स्वतःचं नाव सोनेरी अक्षरात, शेजारी त्याचं, आणि मधोमध काकांच्या निळ्या शाईत पावसाळी पाण्याच्या पायपांचा उतार. मी नजर चोरून उत्तर तपासायचे आणि पुढचं कार्ड घ्यायचे. मग एका मंगळवारी चव्वेचाळीस नंबरचं कार्ड आलं.

"डिफेक्ट्स लायबिलिटी पिरियड म्हणजे काय?" मी विचारलं.

काका सिग्नलला थांबले होते. "काम पुरं झाल्यावर ठरलेले महिने. तेवढ्यात जे दोष निघतील ते बिल्डरने येऊन दुरुस्त करायचे. क्लायंटने दोष लपवायचे नाहीत, बिल्डरने पळून जायचं नाही."

मी कार्ड उलटलं. उत्तर बरोबर होतं. ते बरोबर 'रेवती' आणि 'कौस्तुभ' यांच्या मध्ये लिहिलेलं होतं, आणि 'पळून जायचं नाही' याच्या खाली काकांनी पट्टी धरून दोन रेघा मारल्या होत्या. मी हसायला लागले. इतकी हसले की मागची गाडी हॉर्न देऊ लागली. काका घाबरून म्हणाले, "चुकलं का?" मी म्हटलं, "नाही काका, शंभर टक्के बरोबर." लग्न मोडल्यानंतरचं माझं ते पहिलं हसू.

अभ्यास घरात मावेना, तेव्हा काका तो बाहेर घेऊन निघाले. जिन्याच्या किंवा गच्चीच्या कठड्यात दोन गजांमधून सव्वाशे मिलिमीटरचा गोळा पार जाता कामा नये, असा इथला नियम आहे. लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. काकांना हे नुसतं पाठ करायचं नव्हतं, करून बघायचं होतं. इंडियन दुकानात जाऊन ते टेप लावून नारळ मोजू लागले. दुकानदार सरदारजी. बराच वेळ बघून तो म्हणाला, "अंकलजी, नारियल लेना है या उसका सूट सिलवाना है?" शेवटी नेमका सव्वाशेचा नारळ सापडला. त्याला कधी कुणी फोडायचं नाही, अशी काकूंना ताकीद होती.

पुढच्याच शनिवारी कुलकर्ण्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. दुमजली घर, लाकडी जिना, चकचकीत कठडा. गुरुजींचे मंत्र चालू असताना काका वर गेले. मी खालूनच बघत होते. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, दोन गजांमध्ये धरला आणि हळूच ढकलला. नारळ आरामात पार झाला, जिन्याच्या पोकळीतून खाली आला आणि प्रसादाच्या शिऱ्याच्या पातेल्यात बसला. गुरुजी मंत्राच्या मधोमध थांबले. वरून काकांचा आवाज आला, आनंदाने भरलेला, "नापास! कुलकर्णी, तुमचा कठडा नापास!" कुलकर्णी वहिनींनी महिनाभर अबोला धरला. पण कुलकर्ण्यांनी बिल्डरला बोलावून कठडा बदलून घेतला, कारण त्यांचा नातू तेव्हा रांगायला लागला होता.

लेखी परीक्षा काका पहिल्या फटक्यात पास झाले. उरली तोंडी. दोन परीक्षक समोर बसतात, प्रसंग सांगतात आणि 'तुम्ही काय कराल' असं विचारतात. त्या दिवशी काका लग्नातला सूट घालून गेले. स्वतःच्या लग्नातला. मी लॅबमधून दर तासाला फोन बघत होते. संध्याकाळी घरी आले तर काका गराजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसलेले, सूट अंगावर तसाच.

"काय झालं काका?"

"बोलावलं मी त्यांना," काका म्हणाले.

"कुणाला?"

"परीक्षकांना. लग्नाला."

पहिला प्रश्न होता, पावसामुळे काम थांबलं म्हणून बिल्डर मुदतवाढ मागतो, आर्किटेक्टने काय करायचं. काकांनी चोख उत्तर दिलं. निःपक्षपातीपणे तपासायचं, ठरल्या दिवसांत लेखी कळवायचं, क्लायंट आपला म्हणून त्याची बाजू घ्यायची नाही. आणि मग, त्याच दमात, तोंडातून आपोआप आलं, "अँड वी रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युअर कंपनी विथ फॅमिली अँड फ्रेंड्स." महिनोन्महिने त्यांच्या डोळ्यांनी प्रत्येक उत्तराच्या खाली तीच ओळ पाहिली होती. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. काका इतके गोरेमोरे झाले की पुढच्या प्रत्येक प्रश्नाला आधी ती ओळ गिळायची आणि मग उत्तर शोधायचं, यातच त्यांचा वेळ गेला. बोर्डाचं पत्र आलं ते नापासाचंच.

दोन आठवडे गाडीत कार्डं नव्हती. काका रेडिओ लावायचे, तोही क्रिकेटचा, जे त्यांना अजिबात आवडत नसे. मला आतून फार लागलं होतं. माझं लग्न मोडलं ते मोडलं, आता त्याच पत्रिकांनी काकांची परीक्षाही मोडली. मी स्टेशनरीच्या दुकानातून कोऱ्या पांढऱ्या कार्डांची चार पाकिटं आणली, दोन रविवार बसून सगळी उत्तरं त्यावर उतरवली आणि काकांसमोर ठेवली. काकांनी मनापासून अभ्यास केला. पण पांढऱ्या कार्डावरचं एकही उत्तर त्यांना आठवेना.

"पावसाची मुदतवाढ?" मी विचारायचे.

काका डोळे मिटायचे. "ते तुझ्या बाबांच्या नावाच्या वर होतं ना गं?"

शेवटी तेच म्हणाले, "रेवती, पत्रिकाच काढ. मला घर आठवतं ते त्यातल्या जागांवरून. उत्तरंही तशीच." मग मी विचारलं, "आणि शेवटची ओळ?" त्यावर काकांनी गाडी चालवता चालवता बराच विचार केला. म्हणाले, "दार असतं, तसं समजू. उत्तर संपलं की दार लावायचं." त्यांनी प्रत्येक उत्तरानंतर ओठ घट्ट मिटायची सवय लावली. कार्ड झालं की काका तोंडात पाणी धरल्यासारखे ओठ दाबून बसायचे आणि मी मनात तीन मोजायचे. स्टेशनवर गाड्यांच्या रांगेत शेजारच्या गाडीतली माणसं आमच्याकडे बघायची.

एकदा अशाच रांगेत, ओठ उघडल्यावर, ते एकदम म्हणाले, "तुला वाटत असेल म्हाताऱ्याला कशाला हवंय हे. पगार थोडाफारच वाढेल. पण मी मेलो तर माझ्या नावापुढे ड्राफ्टी लिहितील गं. सत्तावीस वर्षं पुसली जातील." मी पुढचं कार्ड वाचलं.

दुसऱ्या तोंडीला एक वयस्कर बाई आणि एक दाढीवाला गृहस्थ होते. काका उत्तर देत आणि ओठ मिटत. चौथ्या प्रश्नानंतर त्या बाईंनी विचारलं, "यू ओके? समथिंग टू अॅड?"

काकांनी खरं ते सांगून टाकलं. म्हणाले, इथे एक ओळ येते, ती मी बोलत नाहीये. बाई म्हणाल्या, बोला. काकांनी बोलून दाखवली आणि पत्रिकांची सगळी हकीकत सांगितली. दोघं खो खो हसले. "अँड द वेडिंग?" दाढीवाल्याने विचारलं. "नो वेडिंग," काका म्हणाले, "बट व्हेरी गुड पेपर." त्यानंतर म्हणे काकांची जीभ अशी सुटली की परीक्षकांनाच वेळ संपल्याचं सांगावं लागलं.

घरी आल्यावर त्यांनी मला आधी हेच सांगितलं, जरा चाचरत. "तुझं लग्नाचं बोललो मी तिथे. तुला न विचारता. चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की खरंच चालतंय.

निकालाचा ईमेल सकाळी गाडीतच आला. काकांनी फोन माझ्याकडे दिला आणि डावा हात माझ्यापुढे आडवा धरला. "वाच, पण सांगू नकोस. आधी मला विचार करू दे." त्यांनी विचार केला. मग गाडी कडेला घेऊन, चारही दिवे लुकलुकत ठेवून म्हणाले, "नापास." मी म्हटलं, "चूक. हे पहिलं चुकलेलं उत्तर." काका गाडीतून उतरले. फुटपाथवरून नारिंगी जाकिटातला एक सुतार कॉफी पीत चालला होता. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आय अॅम अॅन आर्किटेक्ट." तो म्हणाला, "गुड ऑन या, मेट," आणि निघून गेला. काका गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. माझी ट्रेन चुकली.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात त्यांनी अध्यक्षांकडे लेखी अर्ज दिला आणि माइकवरून दुसरी दुरुस्ती जाहीर करायला लावली. पुन्हा टाळ्या.

दोनशे पत्रिकांतली एकच कोरी उरली होती. तिच्यावर त्यांनी शेवटचं कार्ड बनवलं. मागे प्रश्न, 'मनोहर कारखानीस कोण?' पुढे, त्या शेवटच्या ओळीच्या वर, 'आर्किटेक्ट, रजिस्टर्ड' आणि रजिस्ट्रेशनचा नंबर. आता प्रश्न विचारायची पाळी त्यांची. रोज सकाळी, गिअर टाकायच्या आधी, "मनोहर कारखानीस कोण?" मी नंबरासकट उत्तर द्यायचं, मगच गाडी हलायची. मी कंटाळायचे, चिडायचे, मुद्दाम आकडे उलटसुलट सांगायचे. ते शांतपणे म्हणायचे, "परत." माझं पाठ झाल्यावर कार्ड त्यांनी मलाच देऊन टाकलं.

आठ महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, अंगणात गाडी धुता धुता काका खाली बसले. काकू नर्स. त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही.

अंत्यसंस्कारांच्या ऑफिसात मी काकूंबरोबर गेले. टाय लावलेला एक तरुण मुलगा कॉम्प्युटरवर मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरत होता. नाव, जन्मगाव, पत्ता. ओळखपत्र म्हणून काकूंनी घाईत काकांचं ऑफिसचं जुनं कार्ड आणलं होतं. व्यवसायाचा रकाना आला तसा तो त्या कार्डाकडे बघून टाइप करायला लागला, "ड्राफ्ट्स..."

"नो," मी म्हटलं. आवाज मोठाच निघाला. "आर्किटेक्ट. रजिस्टर्ड." आणि एका दमात पुढे नंबर सांगितला, शेवटच्या आकड्यापर्यंत. कार्ड माझ्या पर्समध्ये होतं, ते काढावंसुद्धा लागलं नाही. पण दार लावायची सवय काकांना होती, मला कुठे? त्याच दमात तोंडातून निघून गेलं, "अँड वी रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युअर कंपनी विथ फॅमिली अँड फ्रेंड्स."

त्या मुलाची बोटं थांबली. "सॉरी?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या हसल्या, चांगल्या मोठ्याने, आणि हसता हसताच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या.

"ते लिहू नका," मी त्या मुलाला सांगितलं. "फक्त आर्किटेक्ट लिहा."